आबेदाबींनी आणलेलं बुद्धिबळाचं पुस्तक

धाकट्या समरीनचा निकाह झाला ते दोन हजार तेवीस साल. जानेवारीत मांडव उतरला आणि फेब्रुवारीत तिच्या वडिलांना, इस्माईलभाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद पडलं. पौडच्या बाजारात त्यांचं दावी, कासरे आणि बैलांच्या घुंगुरमाळांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी बोलून बोलून माल विकणारा माणूस. आता खिडकीपाशी बसवलं की बसायचे, उठवलं की उठायचे.

मुलगा अनिस हिंजवडीला कंपनीत होता. पोरगा वाईट नव्हता. बापाला उचलणं, अंघोळ घालणं सगळं करायचा. पण तीन महिन्यांत तो थकला आणि भूगावच्या बाजूला एक जागा बघून आला. अशा माणसांना तिथे सांभाळत. हे सगळं तो बापाच्या समोरच बोलला, कपाट कुठे हलवायचं ते ठरवावं तसं.

"अम्मी, त्यांना काही कळत नाही. मग इथं काय आणि तिथं काय. बकरी ईद झाली की नेऊ."

"कळतंय त्यास्नी," आबेदाबी म्हणाल्या.

"कशावरून?"

खरं सांगायचं तर कधी कधी रात्री आबेदाबींनाही वाटायचं की पोरगा म्हणतो तेच खरं असेल. मग त्या कूस बदलायच्या.

व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी सांगून गेली होती, हाताला सवयीचं काहीतरी द्या. कासरा दिला, तो मांडीवरून घसरून खाली पडला. राहिलं बुद्धिबळ. जवळच्या माले गावचा भिवाजी बाजाराच्या दिवशी दुकानात यायचा आणि दोघे पोत्यावर पट मांडायचे. गिऱ्हाईक उभं राहून कंटाळून निघून जायचं, तरी यांचा डाव मोडत नसे. पण झटक्यानंतर भिवाजी एकदाच आला. दोस्ताचं तोंड बघितलं आणि चहा न घेता दारातूनच परतला. तेव्हापासून आबेदाबींनी त्याचं नाव टाकलं होतं. अनिसला विचारावं तर त्याला सवड नव्हती आणि मनही नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं, आपणच शिकायचं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात त्यांनी पहिल्यांदा पाटी धरली होती. माणसाला विचारता येत नाही ते पुस्तकाला विचारायचं, ही सवय त्यांना तेव्हापासूनची.

पुण्याला अप्पा बळवंत चौकात एका दुकानात त्या गेल्या. नातवाला पाहिजे, असं खोटंच सांगितलं. दुकानदाराने तीन पुस्तकं पुढे ठेवली. पहिल्यात हत्तीला डोळे आणि घोड्याला हसरं तोंड काढलेलं. ते बघून इस्माईलभाईंना काय वाटेल, या विचारानेच त्यांनी ते मिटलं. दुसरं जाडजूड, ओळीओळीत इंग्रजी अक्षरं आणि आकडे. तिसरं जुनं होतं, साध्या कागदाचं, कुठल्या तरी परक्या उस्तादाच्या पुस्तकाचं मराठी भाषांतर. पहिल्या धड्यात पटावर फक्त एक राजा आणि एक हत्ती, समोर एकटा राजा.

"हेच न्या, बाई," दुकानदार म्हणाला. "नव्याने शिकणाऱ्याला सगळीकडे हेच देतात."

त्यांनी शब्दांखाली बोट धरून एक पान हळू आवाजात वाचलं. कुठे अडखळल्या नाहीत. घाबरलेल्या माणसापुढे एकदम बत्तीस मोहरी मांडण्यापेक्षा तीन बरी, असंही त्यांना वाटलं. तरी हात आखडला. आजवर 'कळतंय त्यांना' असं म्हणता तरी येत होतं. पट मांडला, आणि त्यांना नाहीच काही कळलं, तर मग काय म्हणायचं? त्यांनी पुस्तक खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. दुकानदार चष्म्यावरून बघायला लागला तेव्हा घेतलं.

परतताना बसमध्ये बघतात तर वर ठळक छापलेलं, 'नवशिक्यांसाठी'. सगळ्या बाजाराला हरवलेल्या माणसाच्या घरात हे कसं न्यायचं? उतरल्यावर ओळखीच्या दुकानातून जुन्या कॅलेंडरचा कागद मागून घेतला, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं कव्हर घातलं आणि मगच घरात पाऊल टाकलं.

पुढे काही दिवस भाकरी थापता थापता त्या चाली पाठ करत होत्या. मग एका रविवारी अनिसला बसवून घेतलं आणि पट मांडला. एक राजा, एक हत्ती. इस्माईलभाई नुसते बघत राहिले. म्हणून आबेदाबींनी पुढचा धडा काढला, सगळी मोहरी लावली आणि पुस्तकात होतं तसं राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग डावा हात उठला. त्या हाताने आबेदाबींचंच प्यादं एक घर मागे ढकललं.

पान पुन्हा वाचून त्यांनी पुन्हा दोन घरं सारलं. हात पुन्हा आला, प्यादं पुन्हा मागे. मग त्यांनी तिथेच राहू दिलं आणि खेळ सरकला. चारदोन चाली झाल्या असतील, तर इस्माईलभाईंनी आपला राजा उचलला आणि प्याद्यांवरून घोड्यासारखा उडवून पलीकडे ठेवला.

अनिसने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "अम्मी, बस कर आता. राजाचा घोडा केला त्यांनी. शाळेतल्या पोरालाही कळतं हे."

आबेदाबींनी पट आवरला. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मात्र एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. त्या स्वतः वाचताना चुकायच्या तेव्हा बोट आधी चाचपडायचं, आवाज बारीक व्हायचा. यांचा हात चाचपडला नव्हता. दोन्ही वेळा प्यादं त्याच घरात नेऊन ठेवलं होतं. हे विचारायचं तर एकच माणूस होता. त्यांनी राग गिळला आणि वडापच्या जीपमधून माल्याला गेल्या.

भिवाजी अंगणात बसला होता. त्यांना बघून उभा राहिला, पण वर बघेना.

"तुमी पडला असता तर हे तुमच्या उशाशी बसलं असतं," त्या म्हणाल्या.

"त्येचं त्वांड बगवंना, वैनी."

"मला बगवतंय व्हय?"

मग त्यांनी झालेला डाव सांगितला. भिवाजीने मान वर केली.

"राजा किती येळा उडवला?"

"एकदाच."

"त्येच्या आदी शह बसला हुता?"

"न्हाई."

"मग त्यो बरुबर खेळलाय. तुमचं पुस्तक शहरातल्या खेळाचं, वैनी. आमच्या खेळात प्यादं एकच घर जातंय, आन राजाला शह बसायच्या आदी एकडाव घोड्याची चाल असती, दुसऱ्यांदा न्हाई. त्यो इसरला न्हाई. त्यो तुमाला शिकवत हुता."

आबेदाबींना ते लगेच पटलं. पण अनिसला हे कसं पटायचं? दोस्त दोस्ताची बाजू घेतो, असंच तो म्हणणार. भिवाजीने डोक्यावर टोपी घातली आणि म्हणाला, उद्या येतो, पोराला घरी ठेवा.

ईद दोन दिवसांवर होती. गावाकडच्या खेळाचे नियम आईकडून ऐकून अनिस भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला. भिवाजी नेहमीसारखा बडबडत खेळू लागला. स्वतःचा राजा त्याने एकदा उडवला, इस्माईलभाईंनी चालवून घेतलं. थोड्या वेळाने त्याने दुसऱ्यांदा उडवला आणि काही झालंच नाही असं दाखवत खिडकीबाहेर बघत बसला.

इस्माईलभाई हलले नाहीत. आबेदाबींनी पदर मुठीत आवळून धरला होता. भिवाजीची बडबड थांबली. अनिसने घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात डावा हात पटावर आला आणि त्याने भिवाजीचं मनगट धरलं. ओठ हलले, नुसता घोगरा आवाज आला, पुन्हा हलले.

"ल... लबाड."

"व्हय, लबाड," भिवाजी म्हणाला. "तुज्याकडनंच शिकलोय." आणि त्याने टोपीने तोंड पुसलं.

अनिस आत गेला. स्वयंपाकघरातून त्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला. आम्ही येत नाही, असं तो त्या जागेच्या माणसाला सांगत होता. बाहेर आल्यावर तो आईशी बोलला नाही. बापासमोर उकिडवा बसला आणि त्यांनाच विचारलं, "अब्बा, चहा घेणार?"

इस्माईलभाई दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात, एका गुरुवारी सकाळी, पौडच्या आपल्या घरात वारले.