बाबांचा पाच आकडी कोड

मी कॉलेजात असताना बाबांना आकड्यांचं वेड लागलं. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला, त्यामुळे प्रत्येक गावाचा एरिया कोड तोंडपाठ. कोडाच्या आकड्यांपुढे डॉट कॉम लावून वेबसाइटची नावं घेऊन ठेवायची आणि पुढे त्या गावातल्या धंदेवाल्यांना विकायची, असं त्यांनी कुठेतरी वाचलं.

“जमिनीसारखंच आहे, फक्त कुंपण घालावं लागत नाही,” बाबा म्हणाले.

“हवेत प्लॉट घेतायत!” आई म्हणाली.

सात नावं घेतली. निवड बाबांची, कॉम्प्युटरचं काम माझं. दर वर्षी मुदत संपायच्या आत नाव रिन्यू करायचं, एवढंच. मुदत संपली, पैसे भरा, असं सांगणाऱ्या खोट्या मेलचा सुळसुळाट होता, म्हणून मीच बाबांना दटावलं होतं, “असल्या मेलला हात लावायचा नाही. खरं-खोटं मी बघीन.”

पुढे माझं लग्न झालं, मग बाळ झालं. झोप उडाली आणि संशय वाढला. बाटली दोनदा उकळायची, दाराची कडी तीनदा बघायची, अनोळखी मेल न उघडताच उडवायचा. नावं देणारी कंपनी मधल्या काळात दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती. सातांपैकी ज्या नावाची मुदत सगळ्यांत आधी संपत होती, त्याची ‘शेवटची सूचना’ या नव्या कंपनीकडून तीनदा आली. तिन्ही वेळा मी ती पुसली, वर फसले नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटली.

परवा बाबा धापा टाकत जिना चढून आले. चपला काढायचंही भान नाही.

“ठमे, कॉम्प्युटर उघड! गिऱ्हाईक आलंय. माझ्या पहिल्या पोस्टिंगच्या गावचा टॅक्सीवाला. प्रत्येक गाडीच्या दारावर आपला कोड रंगवणार म्हणतोय.”

खातं उघडलं. यादीत सहाच नावं.

“खाली असेल, नीट बघ.”

मी खाली बघितलं, वर बघितलं. मग ते नाव शोधून पाहिलं. दोन महिन्यांपूर्वीच कुणीतरी घेतलं होतं.

“गेलं, बाबा.”

“गेलं म्हणजे? कुठे गेलं?”

कंपनीचा घोळ आहे म्हणून सांगावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. बाळ त्यांच्या मांडीवर बसून खिशातलं पेन ओढत होतं. मी खरं ते सांगितलं.

“पण तू तर सगळं दोन-दोनदा बघतेस,” ते म्हणाले. टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्यांनी माझ्यासमोरच टॅक्सीवाल्याला फोन लावला. “माफ करा हं. मुदत माझ्याच लक्षातून गेली. वय झालं आता.” पलीकडचा काहीतरी बोलला, तर हसलेसुद्धा.

मी चहा टाकला. तो त्यांनी पूर्ण प्यायला. ओरडले असते तर मला रडता तरी आलं असतं.

निघताना म्हणाले, “उरलेल्या सहांचा पासवर्ड लिहून दे. मोठ्या अक्षरात.”

“मी करीन ना, बाबा. आता नाही चुकणार.”

“अगं, तुला बाळाचं असतं. मी शिकेन हळूहळू.”

मी लिहून दिलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी ते वाचलं, एक अक्षर मला पुन्हा विचारलं, कागदाची घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली.