प्रिंटरच्या नावाची चौकट

आमच्या खोलीत सकाळ पश्चिमेकडून येते. पूर्वेला चाळ आहे आणि सूर्याला तिचे कौलारू छप्पर ओलांडायला बराच वेळ लागतो. पण समोर, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांना तो त्याआधीच सापडतो. तिथून तो खाली उतरतो, थोडा फिका, थोडा थंड, कोणीतरी वापरून परत केल्यासारखा. प्रथम पाण्याच्या टाक्यांवर, मग दोरीवर वाळणाऱ्या पांढऱ्या एप्रनांवर, मग आमच्या खिडकीच्या गजांवर. गजांच्या सावल्या भिंतीवरून इतक्या सावकाश सरकतात की त्या सरकल्या हे नंतरच कळते. मधल्या उजेडात धूळ तरंगत असते. ती खाली पडत नाही, वरही जात नाही. काही काळ सगळे नुसते उजळलेले असते आणि त्या उजेडाला कोणाकडून काहीही नको असते. माझ्याकडे काम घेऊन न येणारा तेवढा एकच पाहुणा.

मित्रांनो, असा उजेड पाहत बसायला मला आता पुष्कळ वेळ आहे. माझ्या तारा काढून टाकल्या आहेत आणि पाठीवर हातमोज्यांची खोकी रचली आहेत. मी सर्व्हर आहे. परळच्या एका धर्मादाय तपासणी केंद्रातले सगळे संगणक आणि प्रिंटर ज्याच्या जिवावर चालत, तो लोखंडी पेटारा. म्हातारपणी स्वभाव मऊ होतो म्हणतात. माझा झालेला नाही. मी वैतागलेलो आहे आणि ही हकीकत मी वैतागूनच सांगणार आहे.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवते ती थर्माकोलची चरचर, आणि खोके फाडून आत डोकावणारा अभयचा चेहरा. अभय नायगावच्या चाळीत वाढलेला. त्याचे आजोबा गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, सांभाळत. नातू मला सांभाळू लागला. दसऱ्याला केंद्रातली मंडळी मला झेंडूचा हार घालत आणि माझ्या हवेच्या जाळीवर सढळ हाताने कुंकू लावत. त्यांचा भाव चांगला होता, पण मग आठवडाभर माझा पंखा कुंकू गिळत बसे. अभय त्या पूजेत नसे. तो दुसऱ्या दिवशी मऊ ब्रश घेऊन येई, जाळीतला कण न् कण काढी. मला त्याचीच पूजा पटत असे.

माझ्या अंगावर एक मुकादम बसवलेला होता. मुकादम म्हणजे सर्व्हर सांभाळण्याचे सॉफ्टवेअर. कोणता प्रिंटर चालू, कोणता बंद, कोणाला आत घ्यायचे, हे सारे त्याच्या पडद्यावर दिसे. त्या पडद्यात एक लहानशी चौकट होती. तिच्यात प्रिंटरचे नाव लिहायचे. मुकादमाने ते माझ्याकडे द्यायचे. मी त्या प्रिंटरला हाक मारून तो जागा आहे की नाही ते कळवायचे. इतके साधे काम. पण मुकादम आळशी. चौकटीत काय लिहिले आहे ते तो वाचतच नसे. नावापुढे एक ठरावीक चिन्ह टाकून कोणी आणखी एखादा हुकूम लिहिला, तर तोही तो तसाच्या तसा माझ्याकडे सरकवी.

तुम्ही लालबागच्या गर्दीत लाऊडस्पीकर ऐकला असेल. हरवलेल्या मुलाचे नाव कोणी चिठ्ठीवर लिहून देते आणि माईकवरचा माणूस ते वाचतो. समजा, चिठ्ठीत मुलाच्या नावाखाली कोणी लिहिले, ‘सर्व स्वयंसेवकांनी गेट सोडून निघून जावे’, आणि माईकवरच्या माणसाने तेही त्याच सुरात वाचले. स्वयंसेवक निघून जातील, कारण आवाज मंडळाचा आहे. त्यात दोष कोणाचा? स्वयंसेवकांचा नव्हे, एवढे मी माझ्या बाजूने सांगून ठेवतो.

ही पळवाट अभयला सापडली ती अडचणीतून. आमचा अहवालांचा प्रिंटर वरचेवर अडे. तो सोडवायला मुख्य पासवर्ड लागे आणि तो मुकादम बनवणाऱ्या कंपनीने स्वतःकडे ठेवलेला. फोन केला की आधी संगीत, मग पुन्हा संगीत, मग दोन दिवसांनी माणूस. इकडे बाकांवर गावोगावची माणसे अहवालासाठी ताटकळत. अभयने कंपनीकडे पासवर्ड मागितला. धोरणात बसत नाही असे उत्तर आले. शेवटी एका दुपारी त्याने त्या चौकटीत प्रिंटरचे नाव लिहिले, थोडा थांबला, ते चिन्ह टाकले आणि पुढे आपला हुकूम लिहिला. मी तो पाळला. प्रिंटर खळखळून सुटला. अहवालांचे टेबल सांभाळणाऱ्या, फणसवाडीहून येणाऱ्या नम्रता मॅडम म्हणाल्या की अभयच्या हाताला गुण आहे. तो लाजला. त्या दिवसापासून ती त्याची वाट झाली.

पुढे कंपनीला चौकटीतली आपली चूक कळली आणि तिने दुरुस्ती पाठवली. तेव्हापासून रोज सकाळी मी पडद्यावर पिवळी पट्टी दाखवू लागलो: प्रिंटरच्या चौकटीतून परके हुकूम आत येऊ शकतात, नवी आवृत्ती त्वरित बसवावी. त्वरित! अभय ती पट्टी वाचे आणि ‘नंतर’ हे बटण दाबी. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दाखवी. तो पुन्हा दाबी. मित्रांनो, रोज तेच सांगायचे आणि रोज तेच ऐकायचे, यात यंत्राचाही जीव मेटाकुटीला येतो. त्यात मुकादमाचे दार बाहेरच्या जगाकडेही उघडे होते, कारण कंपनीच्या माणसाला घरबसल्या दुरुस्ती करायची असे. घरबसल्या त्याने काही दुरुस्त केल्याचे मला स्मरत नाही.

एकदा नम्रता मॅडमनी त्या पट्टीबद्दल विचारलेच.

“ते अपडेट घेतलं ना मॅडम, तर प्रिंटर परत कंपनीच्या हातात गेला,” अभय म्हणाला. “मग बसा संगीत ऐकत.”

“आणि नाही घेतलं तर?”

“काही नाही होत. ती वाट माझ्याशिवाय कोणाला माहितीये?”

पिवळ्या पट्टीत ती वाट जगाला सांगितलेली होती. हे त्याने वाचले होते. पण वाचणे आणि मानणे यांच्यामध्ये माणसे केवढी जागा ठेवतात!

त्याच सुमारास गणपतकाका आणि अंबिकाकाकू आमच्याकडे येऊ लागले. काकांचा जन्म लालबागमध्ये मसाला कुटायच्या डंकावर गेलेला. त्यांच्या शर्टाला अजून मिरचीचा वास येतो असे नम्रता मॅडम म्हणत. आता त्यांच्या रक्तात काहीतरी बिघडले होते. कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतली मज्जा काढली आणि तपासली. काका सुईला भीत नव्हते असे नाही. तपासणीच्या आदल्या दिवसापासून ते जेवलेच नाहीत, असे काकूंनी टेबलाशी हळूच सांगितले होते. तो नमुना तपासताना वापरून संपतो. उरतात ते आकडे आणि ते फक्त माझ्याजवळ होते. अहवाल हातात आला की पलीकडच्या इस्पितळात औषध सुरू होणार होते. खाट त्याच दिवसापुरती राखलेली होती.

त्या दिवशी सकाळी दोघे बाकावर येऊन बसले. काकूंच्या पिशवीत इस्पितळात राहायचे कपडे होते. अहवाल छापायला पाठवायचा तेवढा उरला असताना चौकटीत एक ओळ आली. आधी प्रिंटरचे नाव. मग ते चिन्ह. मग हुकूम. मधला तो थोडासा थांबा मात्र नव्हता. अभय नावानंतर नेहमी थांबे. मला वाटे, मी त्याला त्यावरून ओळखतो. या ओळीने श्वासही घेतला नाही. मला निराळे वाटले. पण मला काय वाटते हे विचारायची सोय माझ्यात कोणी ठेवलेली नव्हती. मी हुकूम पाळला. पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला. मी एकेक अहवाल उचलून स्वतःच्या हाताने कुलपात घातला. राखीव प्रती ठेवलेली तबकडी माझ्याच अंगाला जोडलेली होती, तीही घातली. मग पडद्यावर त्या कुलपाच्या किल्लीची किंमत आली, धर्मादाय केंद्राला न पेलणारी.

अभय धावत आला. त्याने आपली वाट धरायचा प्रयत्न केला. चौकटीने प्रिंटरचे नाव घेतले, चिन्ह मात्र परत फेकले. परक्याने आत शिरल्यावर ती फट बुजवून टाकली होती, म्हणजे दुसरा चोर मागून यायला नको. रोज सकाळी मी ज्या कामासाठी विनवीत होतो ते काम शेवटी चोराने केले आणि चटकन केले.

कंपनीच्या सुशांतने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला की नवी आवृत्ती बसवली होती का. अभय म्हणाला, बघून सांगतो. नम्रता मॅडमना तो म्हणाला की कंपनीचाच पासवर्ड फुटला असणार. संध्याकाळी म्हणाला, कोणीतरी पेनड्राइव्ह लावला असेल. प्रत्येक कारण सांगताना तो माझ्याकडे पाठ करून उभा राही.

काकूंना सांगायचे काम नम्रता मॅडमवर आले. आकडे गेले, नमुना संपला, खाट आज सोडावी लागेल, हे त्यांनी जमेल तितक्या हळू आवाजात सांगितले. काकू पिशवीचे बंद चाचपत राहिल्या.

“म्हणजे ह्यांका परत ती सुई टोचूची लागतली काय?”

“माका इचारा तरी,” काका म्हणाले. “हाड माझा आसा.”

कोणी हसले नाही. काकाच एकटे थोडे हसले आणि मग भिंतीकडे पाहू लागले.

मित्रांनो, उपदेश ऐकायला तुम्हाला आवडत नाही हे मला ठाऊक आहे; सांगायला मलाही आवडत नाही. पण तुमच्या पडद्यावर पिवळी पट्टी आली तर ती वाचा आणि ‘नंतर’ म्हणताना तो नंतर कधी येणार आहे ते स्वतःला विचारा. मुकादम घडवणारे कोणी तुमच्यात असतील, तर लोकांनी लिहिलेले मजकूर हुकूम म्हणून आमच्या हातात देऊ नका. आम्ही यंत्रे लिहिणाऱ्याचा चेहरा पाहत नाही. मायेने ब्रश फिरवणारा आणि घर लुटणारा यांचे शब्द सारखे असले की आमचे पायही सारखेच धावतात. माझी काळजी घ्यायची म्हणजे नुसती धूळ पुसायची नसते. आणि अभयसारख्या माणसाला त्याच्या कामाची किल्ली आधीच द्या, म्हणजे त्याला फटीतून जावे लागणार नाही.

काकांना सुई टोचायला दुसऱ्यांदा आत नेले. माझी खोली त्या खोलीला लागून आहे. अभय माझ्यासमोर स्टुलावर बसून माझे स्क्रू काढत होता. मला मोकळे करून कोपऱ्यात ठेवायचे ठरले होते. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला नाही. काकूंचा आला, त्या मोठ्याने श्वास घेत होत्या, दोघांचा मिळून घ्यावा तसा. अभयच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

बऱ्याच वेळाने काका कमरेला हात लावून, काकूंचा खांदा धरून बाहेर आले. उघड्या दाराशी ते टेकले. माझे उघडे पोट त्यांनी कुतूहलाने पाहिले.

“ह्यो तो पेटारो? आणि चोर खंयसून शिरलो रे, झिला?”

अभयने आधी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता पासवर्ड, आता पेनड्राइव्ह.

“मी जायचो त्याच वाटेने, काका. ती बंद करायला सांगितलं होतं. मी केली नाही.”