टिटवीचे कान

दुसऱ्यांदा काम परत आलं तेव्हा टिटवी चिडली नाही, याचीच मला काळजी वाटली. एरवी ती चिडते, आदळआपट करते, घर डोक्यावर घेते आणि मग पुन्हा कामाला बसते. म्हणून तर लहानपणीच तिच्या बाबांनी तिला हे नाव दिलं. त्या दिवशी मात्र ती जेवणाच्या टेबलाशी गप्प बसून राहिली आणि म्हणाली, “आई, माझे कानच या कामाचे नाहीत बहुतेक.”

तिचं काम म्हणजे ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवणं. गाणारे-वाजवणारे आपापलं काम करून घरी जातात, त्यानंतर ते सगळं हिच्याकडे येतं. कुठलं वाद्य किती पुढे, कुठलं मागे, खर्ज किती ठेवायचा, हे ऐकून ठरवायचं. एका छोट्या स्टुडिओसाठी ती हे घरातल्या मागच्या खोलीत बसून करते. स्टुडिओच्या मॅडमनी दोन्ही वेळा एकच निरोप पाठवला होता: खालचे सूर गायब आहेत, सगळं कोरडं वाटतं. तिसरं काम बासरी आणि चेलोचं, म्हणजे खर्जात वाजणाऱ्या मोठ्या व्हायोलिनचं होतं. तेही परत आलं तर पुढची कामं दुसऱ्याकडे जातील, असं मॅडमनी गोड शब्दांत कळवलं होतं.

“कान तपासून घे ना एकदा,” तिचे बाबा म्हणाले. ते क्रीडाशिक्षक आहेत. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोहोचेल अशा आवाजातच ते घरात मीठही मागतात.

“तपासले बाबा. उत्तम आहेत. ऐकू येतं मला. कळत नाही, एवढंच.”

मी यंत्रांचा आवाज मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. पंखे, पंप, मिक्सर आमच्याकडे येतात आणि ते किती ओरडतात हे आम्ही सांगतो. त्यामुळे तक्रार आली की आधी मोजणाऱ्या साधनावर संशय घ्यायचा, ही माझी सवय. इथे साधनं दोन होती. एक टिटवीचे कान, आणि दुसरा तिचा हेडफोन, डब्यासारखा बंद आणि जाडजूड. भिंतीपलीकडचे आजोबा दुपारी झोपतात, त्यामुळे स्पीकर लावायची सोय नव्हती. सगळा भार त्या हेडफोनवर होता.

“तो चांगला आहे गं,” ती म्हणाली. “काय दणदणीत बास आहे त्याला!”

“त्याचाच तर मला संशय येतोय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो.

दुकानदाराने आधी नेहमीचा माल पुढे केला. “ताई, हा ऐका. छातीत कोणी ढोल वाजवतंय असं वाटेल.”

“मला छातीत ढोल नकोय,” टिटवी म्हणाली. “पाठ उघडी असलेले आहेत का?”

दुकानदाराचा चेहरा खुलला. “उघड्या पाठीचे! अहो, ते कोणी विचारतच नाही. लोक म्हणतात, शेजारच्याला ऐकू जातं, मग उपयोग काय?”

उपयोग आहे. बंद हेडफोनमध्ये आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याच्या मागचा आवाज डब्यात कोंडतो, भिंतींवर आपटून परत येतो आणि मूळ सुरांत आपल्या पदरची भर घालतो. उघड्याच्या बाहेरच्या अंगाला नुसती जाळी असते, त्यातून तो निघून जातो. जे उरतं ते बऱ्यापैकी खरं असतं. अर्थात त्याच जाळीतून बाहेरचं जगही आत येतं.

दुकानदाराने दोन काढले, एक काळा आणि एक करडा. “हे दोघे तोंडदेखलं बोलत नाहीत,” तो म्हणाला. “बाकीचे गोड बोलतात.” निवड घरी करू, म्हटल्यावर त्याने दोन्ही रविवारपुरते दिले. टिटवीने हात पुढे केला, पण मी खोकी माझ्याच पिशवीत ठेवली. कुठला कसा लागतो हे तिच्या बोटांना आधी कळायला नको होतं.

रविवारी दुपारी मी टेबलावर माझा ठोकळा मांडला. प्लायवूडचा चौकोन, त्यावर रबरी कान, कानाच्या भोकात छोटा मायक्रोफोन. हेडफोन त्याच्यावर दाबून बसवायचा आणि कुठला सूर किती येतो त्याचा आलेख काढायचा.

“हे कोण?” तिच्या बाबांनी विचारलं.

“कृत्रिम कान.”

“छे, हे तर जावईबापू! काय स्थळ शोधलंस! उलट बोलत नाही, सगळं ऐकून घेतो.”

“म्हणजे तुमच्यापेक्षा बराच बरा,” टिटवी म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिने टोमणा मारला होता. मी आशेने खुर्ची सरळ केली.

करड्याचा आलेख सुरेख आला, जवळजवळ सपाट. काळ्याचा जरा खडबडीत होता. मी मनातल्या मनात करड्यावर खूण केली आणि काही बोलले नाही. माझ्या चेहऱ्यावरून तसंही कोणाला काही कळत नाही.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. दोन हेडफोनची तुलना करताना त्यांचा आवाज अगदी सारखा ठेवावा लागतो, कारण जो किंचित मोठा असतो तो माणसाला अधिक चांगला वाटतो. यात शिकलेले-न शिकलेले सगळे फसतात. म्हणून मी दोघांवर एकच शिट्टीसारखा सूर वाजवला, मीटरवर समान आकडा येईपर्यंत बटण फिरवलं आणि प्रत्येकासाठी चिकटपट्टीची एक खूण केली.

फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, खिडकी लावली.

“आता श्वासही बंद करू का?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही फक्त तोंड बंद करा,” टिटवी म्हणाली. मी तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. बाबांचं काम असं होतं: तिच्या खुर्चीमागे उभं राहायचं, नाणं उडवून कुठला ते ठरवायचं, तिच्या डोक्यावर चढवायचा आणि बटण त्याच्या खुणेवर आणायचं. बोलायचं नाही.

“मी कशाला बोलतोय?” ते म्हणाले, आणि पहिला हेडफोन चढवल्यावर गुणगुणायला लागले.

“बाबा! बासरीत तुम्ही ऐकू येताय!”

“सुरात होतो ना?”

“बाबा!”

मग ते खरंच गप्प झाले. टिटवी ऐकत होती, आणि जाळीतून झिरपणारी बारीक बासरी आम्हा दोघांनाही ऐकू येत होती. फेऱ्या होत गेल्या. स्पर्शावरून तिला दोन वेगळे आहेत एवढं समजत होतं, कोणता कुठला ते नव्हतं. ती सांगत होती, “हा. हा जास्त मोकळा आहे.” पुन्हा, “हाच.” प्रत्येक वेळी करडा. माझा आलेख आणि तिचे कान एकमताने बोलत होते. मला बरं वाटलं. हे लवकर आटोपेल, चहा ठेवावा, असंही मनात आलं.

तेवढ्यात तिने हात वर केला.

“थांबा. आई, हा मोठा आहे.”

“कोण?”

“आत्ता कानावर आहे तो. याचा आवाज मोठा आहे, म्हणून मला आवडतोय.”

“दोन्ही सारखे केलेत मी. मीटर लावून.”

“मीटरला परत विचार.”

“टिटवे, दशांशापर्यंत सारखे आहेत.”

“मग दशांश चुकलाय.”

बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मिटलं.

टिटवीचे खांदे उतरले. “असू दे,” ती हळूच म्हणाली. “मीटर कशाला चुकेल? माझेच कान चुकत असतील. मी म्हटलंच होतं.” आणि तिचा हात रुमालाच्या गाठीकडे गेला.

“गाठ सोडू नकोस,” मी म्हटलं. “दोन मिनिटं दे मला.”

मी ठोकळ्याशी जाऊन बसले. ती हट्ट करत नव्हती. तिने एक निरीक्षण सांगितलं होतं, आणि निरीक्षण जुळत नसेल तर माझ्या बाजूने काय गृहीत धरलंय ते तपासणं माझं काम होतं. मी काय गृहीत धरलं होतं? प्रयोगशाळेत रोज सकाळी आम्ही मायक्रोफोनवर एक छोटी डबी चढवतो. ती सेकंदाला हजार कंपनांचा एकच सूर काढते आणि त्यावर मीटर लावून घ्यायचं असतं. हाताला इतकी सवय, की हेडफोनसाठीही मी तोच सूर घेतला होता. मायक्रोफोनसाठी ते योग्यच आहे. पण हेडफोन म्हणजे मायक्रोफोन नव्हे.

आलेख दिसायला बरा व्हावा म्हणून मी तो गुळगुळीत करून घेतला होता. तो गुळगुळीतपणा काढला. नेमक्या त्याच सुरावर करड्यात एक अरुंद खळगा होता, जिन्यातली एकच पायरी खचलेली असावी तसा. ती एक पायरी भरून काढण्यासाठी मी सबंध जिना वर उचलला होता.

आता मी एकच सूर न घेता नळाच्या धारेसारखा, लहानमोठे सगळे सूर एकदम असलेला आवाज वाजवला आणि पुन्हा मोजलं.

“करडा मोठा आहे,” मी म्हटलं.

“किती?” रुमालाआडून प्रश्न आला.

“दोन डेसिबल. दोनाहून थोडं जास्त.”

बाबांना राहवलं नाही. “म्हणजे बरोबर कोण? जावई की मुलगी?”

“मुलगी.”

तिच्या चेहऱ्याचा फक्त खालचा अर्धा भाग दिसत होता. हनुवटी वर झाली, तेवढं पुरेसं होतं.

मी चिकटपट्टी हलवली आणि फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. आता ती घाई करत नव्हती. एक तुकडा परत परत मागून घेत होती, बाबाही निमूट देत होते. काही वेळाने ती काळा कानावर असताना म्हणाली, “इथे चेलोवाल्याची खुर्ची करकरली. आणि इथे, इथे मी दोन तुकडे जोडलेत. मला वाटलं होतं जोड लपलाय. दिसतोय की चांगला!” दुसऱ्यावर तो जोड पुन्हा लपला. नाणं कसंही पडलं तरी तिची निवड काळ्याचीच होत राहिली.

“हा घ्यायचा. हा मला माझ्या चुका दाखवतो.”

“मग दुसरा घे ना,” बाबा म्हणाले. “सुखाने जगशील.”

तिने रुमाल काढला, कानावरचा काळा काढून बघितला, परत चढवला आणि लगेच त्याच्यावर परत आलेली दोन्ही कामं लावली. थोडा वेळ ऐकून ती मोठ्याने हसली.

“आई, यात खर्जच नाहीये. मॅडम खरं बोलत होत्या. मीच कापलाय सगळा.”

“का कापलास?”

“फार वाटत होता. घुमत होता नुसता.”

मी तिचा जुना, बंद हेडफोन ठोकळ्यावर बसवला आणि आलेख काढला. खालच्या सुरांवर एक मोठी टेकडी उभी राहिली. मग तिला तिच्या कामातली, कुठला सूर किती कापला ते दाखवणारी रेघ उघडायला सांगितली. ती रेघ तिने कुठल्याही आलेखाशिवाय, केवळ ऐकत ऐकत ओढली होती. मी दोन्ही पडद्यावर शेजारी ठेवली.

टेकडी, आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब. माथा त्याच जागी, उतार तसाच. हेडफोनने जेवढं खोटं मिसळलं होतं तेवढंच हिने नेमकं काढून टाकलं होतं. इतकी वर्षं मी मोजमापं करते, पण एखाद्या कानाचा असा दाखला माझ्यासमोर कधी आला नव्हता.

टिटवी वाकून बघत होती. “हे मी केलं?”

“तू केलंस.”

“म्हणजे कान ठीक आहेत माझे.”

“ठीक?” मी म्हटलं. मला आणखी काही सांगायचं होतं, पण मी उठून फ्रीज सुरू केला.

करडा सोमवारी दुकानात परत गेला. त्याच आठवड्यात काळ्यावर ऐकून पुरं केलेलं बासरी-चेलोचं काम स्टुडिओकडे गेलं. मॅडमचा फोन आला तेव्हा टिटवीने तो स्पीकरवर टाकून आमच्यासमोर टेबलावर ठेवला. “अगं, हा चेलो कुठून आणलास?” मॅडम विचारत होत्या. “आणि ती आधीची दोन्हीही अजून तशीच आहेत. तूच नीट कर, दुसऱ्या कोणाला देत नाही.” फोन ठेवल्यावर बाबांनी जी आरोळी ठोकली तिने भिंतीपलीकडचे आजोबा नक्की उठले असणार. टिटवीने त्यांना गप्प केलं आणि मग स्वतःच त्यांच्या वरताण ओरडली.

प्रयोगशाळेत मी सहकाऱ्यांना तो अरुंद खळगा दाखवला. हेडफोन जुळवताना एकच सूर घ्यायचा नाही, असं ठरलं.

“सापडला कसा हा?” आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं. “गुळगुळीत आलेखात तर दिसतच नाही.”

“माझ्या मुलीला ऐकू आला. डोळे बांधलेले असताना.”

“नुसत्या कानाने? दोन डेसिबल?”

“दोनाहून थोडं जास्त,” मी म्हटलं.