साहेबाच्या चर्चचे तीन कोनाडे

हार्डविक साहेबाच्या विलायतेतल्या गावातलं चर्च आठशे वर्षांचं. हे साहेबानेच आम्हाला सांगितलं, दर आठवड्याला, नव्याने. गोल कमान नॉर्मन लोकांची, टोकदार कमानी नंतरच्या, मनोरा त्याच्याही नंतरचा. दगडन्‌दगड पाठ. आत रविवारची मिस्सा किती वाजता असते, तेवढं विचारू नये. सुट्टीच्या दिवशी साहेब गोल्फ खेळायचा.

आता तो रिटायर होऊन चालला होता आणि इथल्या, आखातातल्या मनामाच्या क्लबाला त्याला आठवण म्हणून त्या चर्चचं मॉडेल द्यायचं होतं. आमचे इलायस त्याच्याच कंपनीत सुतार. त्यातून वसईचे, म्हणजे चर्च रक्तातच!

"मॉडेल झालं की लीव्ह," साहेब म्हणाला.

ईस्टरनंतर वसईत आमच्या लेकीच्या, कॅरोलिनच्या पहिल्या कम्युनियनचा सोहळा होता. आजीकडे वाढणारी पोर दर पत्रात विचारायची, पप्पाही येणार ना?

इलायस रोज संध्याकाळी फोटो पुढ्यात घेऊन बसायचे. फोटोत दारावर तीन कोनाडे, तिन्ही रिकामे.

"संत कुठे गेले हो? धुवायला टाकलेत?" मी विचारलं.

"साहेब म्हणतो, चारशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडे धर्म सुधारला, तेव्हा पुतळे फोडले."

"असं होय. सुधारणा म्हटली की एवढं चालायचंच."

मॉडेल आमच्याच खोलीत, माझ्या आल्तारशेजारी, देव्हाऱ्याला लागूनच. कॅरोलिनसाठी नऊ दिवसांची नव्हेना धरलेली. रोज रिकाम्या कोनाड्यांकडे बघत रोझरी म्हणायची? मी प्लास्टरचे तीन संत घडवले आणि अरल्डाइटने पक्के बसवले.

जनाबियातल्या आपल्या बंगल्यावर साहेबाने मॉडेल पाहिलं आणि लालबुंद झाला.

"हे कोण? इथे काही नाही!"

"होते, साहेब," मी हळूच म्हटलं. "तुम्हीच तर सांगितलंत, फोडले म्हणून."

"काढा! नाहीतर लीव्ह खलास!"

इलायसनी माझ्याकडे पाहिलं. मी क्रुसाची खूण केली आणि म्हटलं, "काढा. पोर वाट बघतेय."

त्यांनी पटाशी लावली. टक, टक, टक. तिन्ही मुंडकी माझ्या पदरात पडली. धडं मात्र हलेनात. अरल्डाइट ते!

साहेब वाकून बघतच राहिला.

"इलायस, ब्रिलियंट! फोडल्याच्या दुसऱ्या दिवशी अगदी असंच दिसलं असणार. इतिहास म्हणतात तो हा!"

तिथेच लीव्हवर सही झाली.

मुंडकी मी रोझरीच्या डबीत कापसात ठेवली. इलायसच्या बॅगेत घालताना मुंडक्यांना म्हटलं, "चला वसईला. तिकडे अजून कोणी सुधारलेलं नाही."