एकाच तोंडाच्या दोन कवळ्या

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा त्या हसत होत्या, तेवढीच काय ती मेहेरबानी. "अगं, आजोबांना तोंड एकच आहे! दोन कवळ्या कशाला पाठवल्यास?"

सासऱ्यांच्या दुकानात कवळ्या बनवणाऱ्या सुनेने कपाळावर हात मारून घेतला. हल्ली डॉक्टर तोंडाचं माप ईमेलने पाठवतात, आणि तिच्या मोबाइलवर कित्येक महिने प्रत्येक मेल दोनदा येऊन पडत होता; एरवी ती दुसरी प्रत पुसून टाकायची. आजोबांची कवळी तिने सोमवारीच केली होती. त्याच मेलची दुसरी प्रत न उघडलेली राहिली, ती नवं काम समजून शुक्रवारी पुन्हा केली. हा जबडा ओळखीचा वाटतोय, असं करताना मनात आलंही होतं. पण कामाच्या रगाड्यात मनाचं ऐकायला सवड कुणाला असते?

डॉक्टरीणबाई दुसऱ्यांदा हसणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुपारी डबा बाजूला सारून ती सेटिंगच्या मागे हात धुऊन लागली. एकच खातं चुकून दोनदा जोडलं गेलंय का, हे आधी पाहिलं. तसं नव्हतं. दुकानाचं खातं एक, तिचं स्वतःचं एक; दोन्हींचे मेल एकाच यादीत दिसत. मग चष्मा लावून तिने दोन्ही प्रती नीट पाहिल्या. पहिली दुकानाच्या खात्यात थेट डॉक्टरांकडून आली होती. दुसरी तिच्या खात्यात आली होती, ती अण्णांकडून. अण्णा म्हणजे तिचे सासरे.

हे दुकान अण्णांनीच उभं केलेलं. हत्यार कसं धरायचं हेही तिला त्यांनीच शिकवलं. त्यांचा एक दंडक होता: एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर काम देताना देणाऱ्याने "घे" म्हणायचं आणि घेणाऱ्याने "आलं" म्हणायचं. दात केवढासा, हरवला की बसा जमीन चाचपत. "आलं" कानावर पडल्याशिवाय अण्णा हातातली वस्तू सोडत नसत. पुढे त्यांचे हात थरथरू लागले. एक दिवस त्यांनी आपणहून ॲप्रन खुंटीला टांगला आणि ते घरी बसले. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. पण थांबा असंही कुणी म्हटलं नाही. दुकानाचं खातं मात्र त्यांच्या फोनवर तसंच राहिलं.

अण्णांचा फोनच आपोआप मेल पुढे पाठवत असेल, असं तिला आधी वाटलं. पण दुसरी प्रत कधी लगेच आलेली, कधी तासाभराने. अण्णा डोळे तपासायला गेले त्या दिवशी तर थेट संध्याकाळी. म्हणजे ते एकेक मेल स्वतः पाठवत होते, त्या थरथरत्या बोटांनी.

अण्णांचे मेल परस्पर कचऱ्यात टाकायची सोय सेटिंगमध्ये होती. बोट टेकवायचा अवकाश. ती बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिली आणि तिने फोन खिशात टाकला.

संध्याकाळी घरी तिने विषय काढला. अण्णा ओशाळले. "तू कामात असतेस. एखादं नजरेतून सुटलं तर, म्हणून पाठवतो. त्रास होतो का?"

"एकाच आजोबांना दोन कवळ्या झाल्या, अण्णा."

"अरे देवा! मग बंद करतो. त्यात काय एवढं." त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला.

तो पालथा फोन तिला बघवेना. तिने आपला फोन उघडला आणि त्यांच्यादेखत दुकानाचं खातं त्यावरून काढून टाकलं. "आता तुम्ही पाठवाल तेच काम मला कळणार. दुसरी वाटच नाही."

"आणि मी विसरलो तर?"

"तर कुणीतरी बिचारं दातांवाचून बसेल. डॉक्टरांना तुम्हीच उत्तर द्यायचं."

"म्हणजे ओरडा मी खायचा!" अण्णा म्हणाले, पण फोन त्यांनी सुलटा केला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून ती बसली. फोन गप्प. आपण नको ते करून बसलो की काय, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला. मग एकदाचा मेल आला. ती माप उघडते न उघडते तेवढ्यात अण्णांकडूनच पुन्हा तोच मेल!

तिने डोक्याला हात लावला. रागाने बोट फोनवर गेलं आणि तिथेच थबकलं. इतके महिने अण्णा रोज कामं पाठवत होते, आणि तिने एकदाही, एका शब्दानेही उत्तर दिलं नव्हतं. देणाऱ्याने हातातली वस्तू सोडायची तरी कशी?

तिने लिहिलं, "आलं."

दुपारी दुसऱ्या डॉक्टरांचं काम आलं. तिने लगेच "आलं" कळवलं आणि फोनकडे बघत बसली. तो मेल पुन्हा आला नाही.