पुलाखालच्या डोहातली पहिली फेक

आमच्या क्लबाचा हंगाम उघडतो तो पुलाखालच्या डोहावर. सगळे सभासद काठावर हात मागे बांधून उभे राहतात आणि गेल्या हंगामात ज्याने सगळ्यांत लांब ट्राउट मासा धरला असेल, तो एकटा पाण्यात उतरतो. पहिली फेक त्याची. त्याची माशी पाण्याला टेकेपर्यंत दुसऱ्या कुणी गळाच्या काठीला हात लावायचा नाही, खोकायचं नाही, ‘वा’सुद्धा म्हणायचं नाही. ही पहिली फेक किती वर्षं माझी होती ते सांगत नाही, आकडा ऐकला की लोक तोंड फिरवून हसतात. एवढंच सांगतो, मी डोहात पाय ठेवला की बेडूक आपणहून बाजूला सरकत.

आमची मासेमारी म्हणजे गळाला गांडूळ लावून डुलक्या काढणं नव्हे. इवल्याशा गळावर पिसं, केस, दोरा गुंडाळून आम्ही नकली माशी बांधतो आणि लांब दोराने ती पाण्यावर अशी अलगद टेकवतो, की माशाला वाटावं, जेवण आलं. मासा धरायचा, बाईंच्या पट्टीने मोजायचा आणि माफी मागितल्यासारखा परत सोडायचा. बाई म्हणजे आमच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली, पट्टी सुटली नाही.

डोहात एक म्हातारा ट्राउट आहे. त्याला सासरेबुवा म्हणतात. नाव मीच दिलं. तो वर येतो, माशी खालून-वरून न्याहाळतो, मग फेकणाऱ्याकडे ‘बस, एवढीच का तुमची कमाई?’ अशा नजरेने बघतो आणि निघून जातो. एकदा माझी हरवलेली माशी त्याने पुढच्या आठवड्यात माझ्या बुटावर आणून थुंकली होती. बूट ओला झाला होता, म्हणजे पुरावा आहे.

अशा सुखात मीच बिब्बा घातला. साडूला क्लबात आणलं.

साडू म्हणजे आमच्या हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. बेत साधा होता. त्याने माझी पहिली फेक बघावी, घरी जाऊन मेहुणीला सांगावी, मेहुणीने हिला सांगावी, आणि हिने निदान एकदा माझ्याकडे कौतुकाने बघावं. पहिल्या वर्षी त्याने झाडं धरली. दुसऱ्या वर्षी बाईंची टोपी धरली. मी इतका खुशीत होतो की त्याला मनगट कसं फिरवायचं ते स्वतः शिकवलं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या हंगामात, तो मासे धरायला लागला.

एखाद-दुसरा नव्हे. मी एक धरून पट्टीसाठी बाईंना हाक मारावी, तर बाई आधीच त्याच्याकडे वाकलेल्या. त्याच्या जाकिटाला खिसेच खिसे आणि प्रत्येक खिशाला साखळी. कमरेपर्यंतचे रबरी बूट असे कोरे करकरीत, की चिखलसुद्धा बिचकून लांब राही. घरी फ्रिजवर हिने फोटो चिकटवला होता : डॉक्टर, मासा आणि डॉक्टरांचे स्वतःचे दात. मी पाणी प्यायला गेलो की ते दात माझ्याकडे बघून हसायचे. मी पाणी पिणं कमी केलं.

“डॉक्टरांचा हात किती हलका आहे नाही?” ही म्हणाली.

“लोकांच्या तोंडात घालून घालून झालाय,” मी म्हणालो.

“तुम्ही कशाला जळता?”

“मी? मी कशाला जळू?” असं म्हणताना माझ्या हातातल्या चहाला पुन्हा उकळी फुटली असावी, कारण जीभ भाजली.

चहावरून मिशीचं सांगायला हवं. माझी मिशी बुडाशी पांढरी आणि टोकाला तांबूस. चाळीस वर्षं चहा बशीतून प्यायल्याने असा रंग चढतो, कुठल्या बाटलीत मिळत नाही. दर रविवारी मी खिडकीशी बसतो, ही गुडघ्यावर वर्तमानपत्र पसरते आणि कातरीने मिशी सारखी करते. त्या हंगामात तिचा हात जरा सढळ झाला होता. उन्हाळ्यात नदी आटावी तशी माझी मिशी आटत चालली होती.

“अगं, किती कापतेस?”

“वाढतेय किती ते बघा. गप्प बसा, नाहीतर ओठ जाईल.”

मी ओठ आत ओढला. माझं लक्ष साडूच्या माशीकडे होतं. कारण सगळं रहस्य त्या माशीत होतं. तांदळाएवढी, तांबूस शेपटीची. हंगाम उतरायला लागला की नदीवर त्याच रंगाचे किडे उठतात, आणि ती माशी पाण्यावर टेकली की ट्राउट लग्नाच्या पंगतीला धावावं तसे धावत. मी विचारलं, शेपूट कशाचं आहे?

“घरगुती मामला आहे, साडूभाऊ,” तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं.

मग मी माझा एक धडधाकट दात घेऊन त्याच्या दवाखान्यात गेलो. खुर्चीशेजारच्या टेबलावर माशी बांधायचा छोटा चिमटा असतो, हे मेहुणीच्या बोलण्यात आलं होतं. मी खुर्चीत मान वाकडी करकरून त्या टेबलाकडे बघू लागलो.

“मान सरळ. दुखतंय कुठे?”

“अ आ अं,” मी म्हणालो. तोंडात आरसा होता.

“हा दात? हा तर छान आहे.” तो खाली वाकला. दिवा ओढला. मग दात सोडून तो वरतीच बघत राहिला. “काय मिशी आहे हो साडूभाऊ तुमची! दिव्याखाली तर तांब्यासारखी चमकते.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्या कशाची तरी तारीफ केली आणि मी, मूर्खासारखा, विरघळलो. त्या विरघळलेल्या अवस्थेत त्याने दात काढला. चिमटा काही दिसला नाही. मी एका गालाने सुजून आणि दुसऱ्या गालाने मिशीला पीळ भरत घरी आलो.

हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा बाईंच्या पट्टीवर आम्ही दोघं बरोबरीत होतो. सगळा क्लब काठावर, ही आणि मेहुणी चहाचा थर्मास घेऊन झाडाखाली. मी आयुष्यातल्या सगळ्यांत सुंदर फेका केल्या. शेवटची तर इतकी हळुवार होती, की माशी खाली यायचंच विसरली आणि थोडा वेळ हवेतच थांबली. सासरेबुवा वर आले. बघितलं. माझ्याकडेही बघितलं. गेले.

मग साडूने ती तांदळाएवढी माशी टाकली. पाणी फुटलं. काठी गोल वाकली. सासरेबुवा! ज्यांनी मला कधी शेपूटसुद्धा लागू दिलं नव्हतं, ते ह्या दात काढणाऱ्याच्या जाळ्यात शहाण्या जावयाकडे पाहुणचाराला आल्यासारखे येऊन बसले. बाईंची पट्टी पुरली नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

पण आमच्याकडे एक नियम आहे. हंगाम जिंकणारी माशी क्लबाच्या खोलीत चौकटीत लागते. चौकट मी केलेली आहे, माझं चौकटींचं दुकान आहे. आणि ती लावण्याआधी माशी कशाची बनली ते सगळ्यांसमोर बोलून दाखवावं लागतं. वस्तू विकत घेतलेली, सापडलेली किंवा मागून आणलेली असावी. फार पूर्वी एकाने शेजारणीच्या कोटाची केसाळ कॉलर न विचारता कापली होती, तेव्हापासूनचा हा नियम.

“बोला, डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “पोट?”

“सशाचे केस. विकत.”

“पंख?”

“बदकाचं पीस. सापडलेलं.”

“शेपूट?”

साडूने घसा खाकरला. “तेही... केसच.”

“कुणाचे?”

“म्हणजे घरगुतीच...”

“डॉक्टर, मी पोरांचं वर्गच्या वर्ग खोटं ऐकलंय. कुणाचे केस?”

साडूने माझ्याकडे न बघता माझ्याकडे बोट केलं. “साडूभाऊंच्या मिशीचे.”

सगळा काठ माझ्या तोंडाकडे बघू लागला. माझा हात आपोआप मिशीकडे गेला, म्हणजे जी उरली होती तिच्याकडे. मग काठावर असा हशा पिकला, की पुलावरून जाणाऱ्या दोन सायकली थांबल्या.

“थांबा!” मी ओरडलो. “मिशी माझी. सासरेबुवा माझ्या मिशीला भुलले. म्हणजे मासा माझा. पहिली फेक माझी!”

“फ्रेमवाले,” बाई शांतपणे म्हणाल्या, “उद्या कुणी मोराच्या पिसाची माशी बांधली, तर पहिली फेक मोराला द्यायची का?”

“मग ही चोरी आहे! मला कुणी विचारलं?”

“मला विचारलं,” ही झाडाखालून उठली. “कापते मी, झाडते मी, उचलते मी. आणि माश्याही मीच बांधल्या. डॉक्टरांना कुठे येते गाठ मारता!”

साडूने मान खाली घातली. मी त्याच्यावर हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती शेपटी, जिच्याकडे मी वर्षभर भुकेल्यासारखा बघत होतो, आमच्याच स्वयंपाकघराच्या टेबलावर बांधली गेली होती!

“त्याला दिल्यास! मला का नाही?”

“तुम्हाला विचारलं होतं मी. बांधून बघू का म्हणून. तुम्ही म्हणालात, हे तुझं काम नव्हे, तू डबा भर. डॉक्टर म्हणाले, ताई, बघा ना जमतंय का.” थर्मासचं झाकण तिने करकचून लावलं. “भरला डबा.”

बाईंनी निकाल दिला. मागून आणलेलं, नियमात बसतं. पहिली फेक डॉक्टरांची.

त्याच संध्याकाळी मी बेसिनपुढे उभा राहिलो आणि चाळीस वर्षांची मिशी साफ उतरवली. बघू आता कशाने मासे धरतोस! नळ सोडला आणि सगळं वाहून जाताना डोळ्यांनी बघितलं. आरशात एक अनोळखी, उघडा ओठ दिसत होता. हिने बाहेरून बघितलं, “अगंबाई, आता तोंड दिसलं,” एवढंच म्हणाली आणि बेसिन घासायला घेतलं.

हिवाळाभर मी सुखात होतो. साडूकडे मोजक्या माश्या उरल्या होत्या. एक तर माझ्याच चौकटीत काचेमागे बसली होती. बाकीच्या, एक सोडून, त्याने सरावात झाडांना खाऊ घातल्या, असं मेहुणी सांगून गेली. चहा इतका गोड लागायचा की साखर बंद केली.

हंगाम उघडण्याची सकाळ आली. धुकं, काठ, मागे बांधलेले हात. साडू आपल्या शेवटच्या माशीसह पाण्यात उतरला. फेकली. सासरेबुवा वर आले, माशीपाशी आले आणि थबकले. माझ्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा : त्यांनी डोकं पाण्याबाहेर काढलं, काठावर नजर फिरवली, माझा उघडा ओठ शोधला, आणि इतक्या दुःखाने मान हलवली की बाईंनी रुमाल काढला. मग ते बुडाले. जाता जाता साडूचा दोर तोडून माशी घेऊन गेले, आठवण म्हणून असावी.

पहिली फेक फुकट गेली. मी ‘वा’ म्हणणार होतो, पण नियम आहे.

“आता काठ मोकळा,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात हिने पिशवीतून औषधाची एक छोटी बाटली काढली. आत तांबूस शेपटीची माशी. ताजी, तुरा ताठ.

“ही कुठून आली?” माझा आवाज चिरकला.

“बेसिनच्या जाळीत अडकली होती तुमची सगळी. धुतली, वाळवली.”

“ताई!” साडूने हात पुढे केला.

“अगं!” मीही हात पुढे केला. लग्नात हार घालायलासुद्धा मी हात इतका लांब केला नव्हता. नवरा की मेहुणा? घरचा की धाकटीचा? सगळा काठ श्वास रोखून बघत होता, आणि खालून सासरेबुवाही, कारण पाणी हलत नव्हतं.

तिने माझ्या हाताकडे बघितलं, त्याच्या हाताकडे बघितलं. मग झाडामागे हात घातला आणि एक नवी कोरी काठी बाहेर काढली.

“नवीन सभासद आहेत,” बाई म्हणाल्या. “हिवाळ्यात मीच शिकवलंय.”

तिने पायातल्या चपला काढून ठेवल्या, पाण्यात उतरली आणि फेकली. चांगली नव्हती ती फेक. कोपर फार वर गेलं होतं, मी सांगणारच होतो. पण माशी टेकली मात्र, सासरेबुवा असे झेपावले, की डोह क्षणभर कोरडा पडला आणि तळाशी माझ्या हरवलेल्या सगळ्या माश्या ओळीने दिसल्या.

बाईंनी दोन पट्ट्या जोडून मोजलं. “शेपूट?”

“ह्यांच्या मिशीचं. विचारलं नाही.”

“टाकून दिलेलं होतं. सापडलेलं चालतं.”

सासरेबुवांपेक्षा मोठा मासा ह्या नदीत नाही, त्यामुळे यंदाचा हंगाम त्याच सकाळी आटोपला. पुढची पहिली फेक आमच्या घरात आली, फक्त माझ्याकडे आली नाही. साडूचा फोटो फ्रिजवरून उतरला. त्याच्या जागी ही, मासा आणि मागे कोपऱ्यात माझा उघडा ओठ. साडू परवा दुकानात आला, दोघांनी चहा घेतला आणि बराच वेळ तिच्या कोपराबद्दल वाईट बोललो. माणूस इतका काही वाईट नाही.

मिशी पुन्हा वाढवतोय, क्लबाचा ठराव आहे. रस्त्यात सभासद भेटतात, नमस्कार मिशीला करतात आणि विचारतात, “काय म्हणतेय?” दर रविवारी ही कातर घेऊन समोर बसते, डोळे बारीक करून बघते, आणि त्या नजरेत जे कौतुक असतं ते मी लग्नापासून मागत आलोय. “किती सुंदर रंग धरलाय,” ती म्हणते. मला नाही म्हणत.

काल दुकानात एका आरशाला चौकट बसवताना त्यात सहज बघितलं. मिशी ऐटीत बसली होती. मी तिच्याशी बोललो नाही.