पायांकडे बघणारा माणूस

“परत बघतोय बघ माझ्याकडे,” मामा पुटपुटले.

“मामा, टायरात हवा भरताय की हेरगिरी करताय?” व्हॅनमध्ये पाण्याचे कॅन चढवत जावई हसला. सासरे सायकलवाल्यांना घेऊन घाट चढायचे आणि जावई मागून सामानाची व्हॅन आणायचा. जावयाचं ऐकून आता सगळेच त्यांना मामा म्हणत.

“हसू नकोस. तो निळा जाकीटवाला एकटाच आलाय. आयत्या वेळी नाव नोंदवलं. ना फोटो काढतो, ना कुणाशी बोलतो. सकाळपासून नजर माझ्या पायांवर. मालकाने धाडलाय त्याला, लिहून ठेव!”

सहली काढणाऱ्या कंपनीच्या मालकाचं बोलणं गेल्याच आठवड्यात कानावर आलं होतं. मामांचं वय झालं, पुढच्या हंगामापासून त्यांना ऑफिसात बसवू. ऑफिसात! जन्मभर लोकांना खिंडीपार नेलं, आणि आता खुर्चीत बसून फोन उचलायचे? नुसत्या कल्पनेनेच मामांचं पित्त खवळत होतं.

निघताना त्यांनी सगळ्यांना सकाळी दिलेला नेहमीचा दम पुन्हा दिला. “पुढे मी. खिंडीत वाऱ्यामुळे हाक ऐकू येत नाही, तेव्हा लक्ष माझ्या पायांवर. मी उतरलो की तुम्ही उतरायचं. तिथे शहाणपणा नको.”

अर्ध्या चढावर वाऱ्याने गाठलंच. मामांना धाप लागली. मागे पाहिलं तर बाकीची मंडळी लांब राहिलेली, आणि हा निळा जाकीटवाला अगदी पाठीशी, मान खाली घालून. ‘मोज बाबा, मोज माझी धाप,’ मामा मनात म्हणाले. ‘सांग जा तुझ्या मालकाला.’

खिंडीच्या तोंडाशी वारा आडवा येतो. तिथे मामा दरवेळी उतरून सायकल हाताने ढकलत नेत. आज मात्र पाय पॅडलवरून निघेना. उतरलो की हा सांगणार, म्हातारा दमला! मामा दातओठ खात तसेच रेटत गेले आणि पार झाले. आता बघ म्हणावं, म्हणून ऐटीत मागे वळले.

निळा जाकीटवाला रस्त्यात आडवा पडला होता. सायकल कठड्याला जाऊन अडकली होती.

मामा धावले. “अहो, एवढा वारा, उतरायचं नाही का?”

“तुम्ही उतरला नाहीत ना,” खांदा धरून तो कण्हला. “मी तुमच्या पायांकडेच बघत होतो. पहिल्यांदाच घाट चढतोय हो मी. बायकोने बजावलं होतं, गाइड सांगेल तसंच कर.”

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचाऱ्यावर दिवसभर संशय घेतला, आणि पाडलंही त्यालाच!

व्हॅन आली. जावयाने मफलर बांधून त्याचा हात गळ्यात अडकवला, मग मामांना बाजूला घेतलं. “मालकाला सांगू, वाऱ्याने पडला. खोटं थोडंच आहे?”

“नको. मी उतरलो नाही म्हणून पडला. मीच फोन करतो.”

“मामा, मग ऑफिस ठरलेलंच समजा.”

“कळतं रे मला.”

सीटवर टेकून निळा जाकीटवाला म्हणाला, “पुढच्या वर्षी परत येणार मी. घाट पुरा करायचाच आहे. तुम्हीच असाल ना?”

“हात पोटाशी धरून बसा. उतारावर गचके बसतात,” असं म्हणून मामांनी व्हॅनचं दार हलकेच लावलं.